जास्त रनिंग झालेल्या गाडीत पुन्हा पुन्हा येणारे मिसिंग: दोष इंजेक्टरचाच आहे का?

लाख-दीड लाख किलोमीटर पार केलेल्या पेट्रोल गाडीबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते. गाडी उभी असताना इंजिन थरथरते, मध्येच मिसिंग मारते (म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये ज्वलन चुकते), पिकअप मंदावतो, ॲव्हरेज घसरते. इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे भाग) साफ करून घेतले की काही आठवडे बरे जातात आणि मग तेच रडगाणे पुन्हा सुरू होते. अशा वेळी ‘इंजेक्टर गेले’ असे निदान चटकन केले जाते आणि कधीकधी ते बरोबरही निघते. अडचण अशी, की झिजलेला प्लग, तडा गेलेली कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारा भाग), हवा खेचणारी इनटेकची नळी, थकलेला इंधन पंप आणि नीट न बसणारा व्हॉल्व्ह हे सगळेच जुन्या इंजिनात जवळपास हीच लक्षणे दाखवतात. इंजेक्टर खोलण्यापूर्वी दोष त्याचाच आहे हे कसे पडताळावे, आणि तो त्याचाच असल्याचे नक्की झाल्यावर साफसफाईनंतरही तो परत का येतो, हे येथे सविस्तर मांडले आहे. बहुतेक विवेचन इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) पेट्रोल फवारणाऱ्या नेहमीच्या इंजिनांना लागू आहे. थेट सिलिंडरमध्ये फवारा मारणारी पेट्रोल इंजिने आणि डिझेल यांचा विचार शेवटी केला आहे.

दोष नेमका केव्हा दिसतो?

कोणतेही अवजार हातात घेण्याआधी दोष कोणत्या परिस्थितीत येतो याची नोंद करावी, कारण ‘काय होते’ यापेक्षा ‘केव्हा होते’ या प्रश्नाचे उत्तर निदानाला अधिक उपयोगी पडते. रात्रभर थांबलेली गाडी सकाळी सुरू होताना त्रास देते, की गरम इंजिन बंद करून अर्ध्या तासाने पुन्हा सेल्फ मारल्यावर? मिसिंग केवळ आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) आहे, की चढावर भार पडल्यावर? गाडी थंड असताना ठीक चालते आणि तापल्यावर बिघडते, की याच्या उलट?

आयडलिंगला इंजेक्टर प्रत्येक फवाऱ्यासाठी जेमतेम दोन ते तीन मिलिसेकंद उघडतो. इतक्या अल्प वेळात टोकावरच्या कार्बनमुळे एखाद्या सिलिंडरला थोडे जरी पेट्रोल कमी पडले, किंवा बारीक तुषारांऐवजी जाड धार पडली, तरी तो फरक हाताला जाणवण्याइतका असतो. त्यामुळे चोंदलेला इंजेक्टर बहुधा आधी आयडलिंगला जाणवतो आणि भार वाढल्यावर पिकअपच्या उणिवेच्या रूपाने पुन्हा समोर येतो.

गळणाऱ्या इंजेक्टरची ओळख वेगळी आहे. गरम गाडी बंद करून वीस-तीस मिनिटांनी सुरू करताना सेल्फ बराच वेळ मारावा लागतो, सुरू होताच सायलेन्सरमधून काळसर धूर आणि कच्च्या पेट्रोलचा वास येतो आणि अर्ध्या-एक मिनिटात सगळे सुरळीत होते. येथे दोन सोप्या, बिनखर्ची चाचण्या करता येतात. पहिलीत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारावा; बहुतेक गाड्यांचा इंजिन संगणक या स्थितीत इंजेक्टर बंद ठेवतो, त्यामुळे गाडी अशी चटकन सुरू झाली तर सिलिंडरमध्ये पेट्रोल जास्त साचले होते असा अर्थ होतो. दुसरीत सेल्फ न मारता चावी दोन-तीन वेळा चालू-बंद करून पंपाला दाब भरू द्यावा आणि मग सेल्फ मारावा. याने फरक पडला तर लाइनमधला दाब उतरत होता असे समजावे. तो इंजेक्टरमधूनच उतरतो असे मात्र नाही, पंपातला एकमार्गी व्हॉल्व्हही तितकाच संशयित असतो.

गाडी थंड असताना निर्दोष, इंजिन पूर्ण तापल्यावर एकाच सिलिंडरचे मिसिंग आणि थंड झाल्यावर पुन्हा ठीक, असा क्रम असेल तर घाणीपेक्षा विजेचा संशय घ्यावा. इंजेक्टरच्या किंवा कॉइलच्या वेटोळ्यातील तुटका धागा उष्णतेने प्रसरण पावून जोड सोडतो आणि निवल्यावर पुन्हा टेकतो. अशा इंजेक्टरवर साफसफाईचा काहीही परिणाम होत नाही. कामासाठी गाडी थांबली तेवढ्यात तो थंड झाला, एवढेच काय ते साफसफाईचे यश.

स्कॅनर काय सांगतो आणि काय सांगत नाही

साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणारे यंत्र) आज सहज मिळतो, पण त्यावरचा कोड म्हणजे निदान असे समजणे हीच बहुतेक अनावश्यक खर्चाची सुरुवात असते. पी०३०१ ते पी०३०४ हे कोड अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरचे मिसिंग दाखवतात आणि पी०३०० म्हणजे मिसिंग एका ठरावीक सिलिंडरपुरते नाही. या सिलिंडरमध्ये ज्वलन झाले नाही, एवढेच हे कोड सांगतात. ठिणगी, इंधन आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचे प्रमाण) यांपैकी काय कमी पडले याविषयी ते मूक असतात. पी०२०१ ते पी०२०४ हे कोड मात्र इंजेक्टरच्या विद्युत मंडलाचे आहेत, म्हणजे वायर, कनेक्टर, वेटोळे किंवा संगणकातील इंजेक्टर चालवणारा भाग. टोकावर कितीही कार्बन बसला तरी हा कोड येत नाही, म्हणून पी०२०३ दिसत असताना इंजेक्टर साफ करायला देणे निरर्थक आहे.

चेक इंजिनचा दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल तर गाडी दामटू नये. न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरच्या धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाऊन तिथे पेट घेते आणि दुरुस्तीचे काम मूळ दोषाच्या कितीतरी पट वाढते.

स्कॅनरची खरी उपयुक्तता फ्युएल ट्रिममध्ये आहे. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिजन सेन्सरच्या सांगण्यावरून संगणक मूळ हिशेबापेक्षा किती टक्के इंधन वाढवतो किंवा घटवतो, ते या आकड्यावरून कळते. तात्कालिक आणि दीर्घकालीन ट्रिमची बेरीज शून्याच्या आसपास, साधारण पाच टक्क्यांच्या आत असेल तर चिंता नाही. ती दहाच्या वर गेली तर शोध घ्यावा. हा आकडा एकदा आयडलिंगला, एकदा सुमारे अडीच हजार आरपीएमला आणि शक्य असल्यास चढावर, सोबत बसलेल्या दुसऱ्या व्यक्तीकडून वाचून घ्यावा. आयडलिंगला अधिक वीस आणि आरपीएम वाढवल्यावर अधिक चार-पाच असा फरक आला तर कुठूनतरी चोरून हवा आत जात आहे, कारण एकूण हवा वाढली की गळतीचा वाटा नगण्य होतो. याउलट आयडलिंगला आकडा बरा आणि भार वाढेल तसा चढत जात असेल तर पंप, फिल्टर, मळलेला हवामापक सेन्सर किंवा एकजात सगळेच चोंदलेले इंजेक्टर यांपैकी कोणीतरी कमी पडत आहे, आणि तिथे प्रेशर गेजशिवाय पुढे जाता येत नाही.

एकच इंजेक्टर चोंदला असेल तेव्हा गुंतागुंत वाढते. ऑक्सिजन सेन्सर त्या बाजूच्या सर्व सिलिंडरांचा एकत्रित धूर पाहतो. एकाला कमी पडलेले इंधन तो सरासरीत मोजतो आणि संगणक सगळ्यांनाच थोडे जास्त इंधन देतो, त्यामुळे दोषी सिलिंडर उपाशी आणि बाकीचे अतितृप्त अशी स्थिती होते. त्यात आणखी एक चकवा आहे. कॉइल मेल्यामुळे एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगीच पडली नाही तर तिथली हवा न वापरताच बाहेर पडते, सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो आणि तो ‘इंधन कमी’ अशी हाकाटी करतो, वास्तविक सायलेन्सरमधून कच्चे पेट्रोल वाहत असते. तेव्हा वाढलेला ट्रिम आणि एका सिलिंडरचे मिसिंग यांवरून इंजेक्टरला दोषी ठरवू नये.

अदलाबदल, आवाज आणि ओहम

मिसिंग समजा तिसऱ्या सिलिंडरचे आहे. तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर लावावी, कोड पुसावेत, गाडी चालवावी. कोड पहिल्यावर गेला तर शोध संपला. तो तिसऱ्यावरच राहिला तर प्लगचीही तशीच अदलाबदल करावी. प्लग काढल्यावर ते कापडावर सिलिंडरच्या क्रमाने मांडून ठेवावेत आणि उजेडात निरखावेत: तीन फिकट तपकिरी आणि एक कोरडा काजळीने काळा असेल तर त्या सिलिंडरला इंधन जास्त मिळत आहे, एकाचे चिनी मातीचे टोक पांढुरके आणि कोरडे ठक्क असेल तर कमी मिळत आहे, आणि काळेपणा तेलकट, बोटाला चिकटणारा असेल तर तो पेट्रोलचा नसून पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलमधून येणाऱ्या ऑइलचा आहे. या एका मांडणीतून पुष्कळदा स्कॅनरपेक्षा जास्त कळते.

यानंतर इंजिन चालू ठेवून प्रत्येक इंजेक्टरचा कनेक्टर एकेक करून काढावा आणि पुन्हा लावावा. चांगल्या सिलिंडरचा कनेक्टर काढला की आरपीएम स्पष्ट खाली येतो. ज्याचा काढूनही काही फरक पडत नाही तो सिलिंडर मुळातच काम करत नव्हता. ही तपासणी कॉइल काढून करू नये, कारण तसे केल्यास पेट्रोल फवारले जातच राहते आणि कन्व्हर्टरमध्ये साचते. जुन्या गाडीत कनेक्टरचे प्लॅस्टिक उन्हातान्हाने ठिसूळ झालेले असते आणि खटका हमखास तुटतो, तेव्हा तो पिळून ओढू नये.

स्टेथोस्कोप किंवा लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून प्रत्येक इंजेक्टरची टिकटिक ऐकावी. सगळ्यांचा आवाज सारखा, कोरडा आणि नियमित असायला हवा. एखादा दबका वाटला तर सुई अडकत असावी, अजिबात आवाज नसेल तर वीज पोचत नाही किंवा वेटोळे तुटले आहे. अशा वेळी कनेक्टर काढून चावी चालू ठेवल्यावर एका तारेवर बॅटरीइतके व्होल्टेज मिळते का ते पाहावे. दुसरी तार संगणकाकडून अर्थला (गाडीच्या बॉडीला) जोडली-तोडली जाते, आणि तो स्पंद येतो की नाही हे कनेक्टरमध्ये बसणाऱ्या छोट्या चाचणी दिव्याने कळते. नेहमीच्या इंजेक्टरचा रोध साधारण १२ ते १६ ओहम असतो. आपल्या गाडीचा आकडा तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावा, परंतु त्याहून महत्त्वाचे म्हणजे चारही आकडे एकमेकांशी जुळले पाहिजेत, आणि ते थंड व गरम अशा दोन्ही स्थितींत मोजले पाहिजेत. टिकटिक ऐकू आली म्हणजे फवारा चांगला आहे असे मात्र समजू नये.

जास्त रनिंग झालेल्या इंजिनात कॉम्प्रेशन तपासल्याशिवाय इंजेक्टर खोलू नयेत, असे माझे ठाम मत आहे. एका सिलिंडरचे कॉम्प्रेशन इतरांपेक्षा बरेच कमी आले तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंग झिजल्या आहेत, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही किंवा हेड गॅस्केट फुटले आहे. व्हॉल्व्हचे क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा भाग यांमधली मोकळी फट) घट्ट झालेली गाडी आयडलिंगला मिसिंग मारते आणि रेस दिल्यावर गुळगुळीत चालते, म्हणजे चोंदलेल्या इंजेक्टरची हुबेहूब नक्कल करते. वर्षानुवर्षे गॅसवर चालवलेल्या गाडीत हे अधिक आढळते. शिवाय अशा गाडीत पेट्रोलचे इंजेक्टर दीर्घकाळ नुसते पडून राहतात, त्यांच्यातले पेट्रोल चिकट होते आणि गाडी गॅसवर उत्तम पण पेट्रोलवर थरथरते. ही परिस्थिती असेल तर बाकीच्या बऱ्याच शक्यता आपोआप बाद होतात, कारण ठिणगी आणि कॉम्प्रेशन दोन्ही इंधनांना समान असतात.

दाब आणि गळती

मॅनिफोल्डमध्ये फवारा मारणाऱ्या बहुतेक गाड्यांत रेलमधला (सर्व इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या सामाईक नळीतला) दाब सुमारे ३ ते ४ बार असतो. गेज जोडून तो आयडलिंगला आणि एकदम रेस देताना पाहावा, मग इंजिन बंद करून काटा किती वेळात खाली येतो ते पाहावे. काटा भराभर उतरत असेल तर टाकीकडून येणारी लाइन गेजच्या अलीकडे बंद करून चाचणी पुन्हा घ्यावी: आता दाब टिकला तर गळती पंपाच्या बाजूला होती, तरीही उतरला तर इंजेक्टरकडे वळावे. रेलवरच प्रेशर रेग्युलेटर असलेल्या जुन्या रचनेत त्याची व्हॅक्यूम नळी काढून वास घ्यावा. नळीत पेट्रोल ओले लागले तर रेग्युलेटरचा पडदा फाटला आहे, आणि बिचारे इंजेक्टर विनाकारण बदनाम होत होते.

कोणता इंजेक्टर गळतो ते डोळ्यांनी पाहायचे असेल तर रेल इंजेक्टरांसह उचलून, खाली कोरडा पुठ्ठा ठेवून, चावी चालू करून दाब भरू द्यावा. निरोगी टोक कोरडे राहते. दोषी टोकावर आधी ओलसर चकाकी येते, मग थेंब हळूहळू फुगतो आणि पुठ्ठ्यावर पडतो. हे काम थंड इंजिनावर, मोकळ्या हवेत, बॅटरीच्या टोकांपाशी काहीही न हाताळता आणि अग्निशामक हाताशी ठेवूनच करावे. रेल सोडवण्यापूर्वी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे आणि फ्यूज चाचणीपुरताच परत लावावा. इंजेक्टर रेलला क्लिपने पक्के धरलेले नसतील तर ही चाचणी करूच नये, कारण दाबाने इंजेक्टर निसटून पेट्रोल सर्वत्र उडेल. आणि गळती सिद्ध झाली तर डिपस्टिकचा वास घेतल्याशिवाय थांबू नये. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी वाढलेली दिसत असेल तर ऑइल बदलणे टाळता येत नाही.

साफ करूनही दोष परत येतो तेव्हा

आता मूळ तक्रारीकडे. इंजेक्टरच्या टोकावर थर बसतो तो मुख्यतः गाडी बंद केल्यानंतर. इंजिनची उष्णता वर चढते, टोकावर राहिलेले पेट्रोल उडून जाते आणि त्यातील जड अंश पिवळसर-तपकिरी लाखेसारखा मागे उरतो. रोज थोडेसे अंतर जाऊन गरम इंजिन बंद करण्याची चाल असेल तर हा थर लवकर परततो, आणि त्याला गॅरेजची चूक म्हणता येत नाही. परंतु हा थर जमायला काही महिने लागतात. दोष दोन-तीन आठवड्यांतच परतला तर कारण दुसरे आहे आणि ते सहसा वरच्या बाजूला, म्हणजे टाकीकडे सापडते.

इंजेक्टरच्या वरच्या तोंडात एक इवलीशी जाळी असते. अल्ट्रासॉनिक यंत्रात इंजेक्टर घालताना ही जाळी काढून नवी बसवायची असते, पण अनेक ठिकाणी ती तशीच ठेवून वरून द्रव सोडला जातो. काढलेली जाळी फेकू न देता पांढऱ्या कागदावर झटकून पाहावी. तांबूस भुकटी पडली तर टाकीत किंवा लोखंडी पाइपात गंज आहे. काळे, मऊ, चुरगळणारे कण दिसले तर कुठलीतरी रबरी नळी आतून सुटते आहे. चकचकीत धातूचे कण असतील तर पंप स्वतःच झिजत आहे. इथेनॉलमिश्रित पेट्रोल पाणी ओढून घेते आणि जुन्या टाकीत बसलेली घाण सोडवते, म्हणून जुन्या गाडीत मिश्रण बदलल्यानंतर फिल्टर लवकर भरणे अनपेक्षित नाही. यांपैकी काहीही आढळले तर टाकी, पंपाची जाळी आणि फिल्टर यांची व्यवस्था लावल्याशिवाय इंजेक्टरवर पुन्हा खर्च करू नये.

दुसरे नित्याचे कारण म्हणजे इंजेक्टरची खालची ओ-रिंग, म्हणजे तो बसतो तिथली गोल रबरी सील. ती कडक होऊन चपटी झाली की इंजेक्टरच्या बाजूने हवा आत जाते, त्याच एका सिलिंडरचे मिश्रण पातळ होते आणि दोष इंजेक्टरचा वाटतो. साफसफाई करताना जुन्याच रिंगा परत बसवल्या तर त्या काही दिवस धरतात आणि मग पुन्हा सोडतात. वरच्या आणि खालच्या दोन्ही रिंगा दर वेळी नव्या घालाव्यात, बसवताना त्यांना स्वच्छ इंजिन ऑइलचे बोट लावावे आणि इंजेक्टर सरळ दाबावा, म्हणजे रिंग कापली जाणार नाही.

तिसरी शक्यता निव्वळ झिजेची. सुई आणि तिची बैठक कोट्यवधी वेळा आपटून झिजते, आणि झीज धुऊन जात नाही. म्हणून साफ करणाऱ्याकडून आधीचे आणि नंतरचे फ्लो मोजमाप, दाब देऊन घेतलेली गळतीची चाचणी आणि फवाऱ्याचा आकार अशा तिन्ही गोष्टी मागाव्यात. चौघांच्या प्रवाहात काही टक्क्यांहून जास्त तफावत राहिली, किंवा एखादा साफ होऊनही थेंब सोडत असेल, तर तो बदलण्यालाच पर्याय नाही. एकच नवा आणि तीन जुने असा संच चालतो का, असे नेहमी विचारले जाते. प्रवाहाचे आकडे जुळत असतील तर चालतो, आकडेच घेतले नसतील तर तो केवळ अंदाज ठरतो.

टाकीत ओतण्याच्या क्लीनरविषयी थोडक्यात. पॉलिइथर अमाइन असलेले क्लीनर टोकावरचा हलका थर खरोखर कमी करतात आणि सौम्य लक्षणांत आधी करून पाहण्यास हरकत नाही. गळती, तुटलेले वेटोळे, कडक रिंग आणि भरलेली जाळी यांवर त्यांचा उपयोग नाही. प्रत्येक सर्व्हिसला न मागता इंजेक्टर क्लीनिंग बिलात घालण्याची पद्धत मला मुळीच पटत नाही. ट्रिम ठीक असलेल्या गाडीत ते काम कशासाठी करायचे?

थेट फवाऱ्याचे पेट्रोल इंजिन आणि डिझेल

थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या पेट्रोल इंजिनात दाब ५० बारपासून २०० बार आणि त्याहूनही पुढे जातो, तर कॉमन रेल डिझेलमध्ये तो १,६०० बार किंवा अधिक असू शकतो. इंजिन चालू असताना अशा लाइनचा नट सैल करणे जिवावर बेतू शकते, कारण त्या दाबाची केसासारखी धार कातडी भेदून आत शिरते. घरच्या घरी येथे स्कॅनर, नजर आणि कान एवढ्यावरच थांबावे. थेट फवाऱ्याच्या पेट्रोल इंजिनात इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोल पडतच नाही, त्यामुळे तिथे बसलेल्या कार्बनला टाकीतला क्लीनर पोचत नाही आणि थंड इंजिनाचे मिसिंग इंजेक्टरच्या माथी मारले जाते. डिझेलमध्ये संगणक प्रत्येक सिलिंडरला किती इंधन कमी-जास्त करतो त्याचे आकडे स्कॅनरवर पाहावेत आणि चारही इंजेक्टरांच्या रिटर्न नळ्या (उरलेले डिझेल टाकीकडे परत नेणाऱ्या) वेगवेगळ्या बाटल्यांत सोडून कोणाची बाटली जास्त भरते ते तपासून घ्यावे. परतीचे डिझेल जास्त असलेला एकच इंजेक्टर रेलमध्ये दाब तयार होऊ देत नाही आणि गाडी सेल्फ मारूनही उठत नाही. इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर आणि फस-फस असा आवाज असेल तर इंजेक्टर नव्हे, खालचा तांब्याचा वॉशर गेला आहे. तो नेहमी नवाच घालावा आणि बैठक घासून स्वच्छ करावी. इंजेक्टर बदलल्यावर त्याच्यावर छापलेला कोड संगणकात भरावा लागतो की नाही हे कामापूर्वीच विचारून घ्यावे.

जोडणी झाल्यावर

सेल्फ मारण्यापूर्वी चावी दोन-तीन वेळा चालू करून दाब भरू द्यावा आणि प्रत्येक इंजेक्टरच्या बुडाशी कोरडे पांढरे कापड फिरवून ओल नाही याची खात्री करावी. मग कोड आणि शिकलेले ट्रिम पुसावेत, पंपाचा फ्यूज घट्ट बसला आहे ना ते पाहावे, इंजिन पूर्ण तापू द्यावे आणि आयडलिंग व अडीच हजार आरपीएम यांचे ट्रिम तारखेसह लिहून ठेवावेत. तेच आकडे टाकी एकदा रिकामी होऊन भरल्यावर पुन्हा घ्यावेत. दीर्घकालीन ट्रिम तोवर पुन्हा दहाच्या वर चढू लागला असेल तर इंजेक्टर परत साफ करायला न देता गेज जोडावा आणि तपासणी टाकीच्या बाजूने सुरू करावी.